ग्राहकासाठी एक काटा

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत ‘श्रावकाचा व्यवहार’ या सूत्राखाली दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या ट्रस्टला पन्नास वर्षे पूर्ण होत असताना ‘श्रावकाचा व्यवहार’ या सूत्राखाली चार शब्द बोलण्याची आज्ञा विश्वस्त मंडळाने मला केली, हा मी माझा सन्मान समजतो. मी पंडित नाही. वाणिज्य शाखेची पदवी घेऊन सांगलीच्या कापड पेठेत वडिलांच्या गादीवर बसलेला आणि तेथेच केस पांढरे झालेला एक व्यापारी आहे. म्हणून तत्त्वचर्चा विद्वानांच्या अधिकारात ठेवून मी एका अगदी लहान वस्तूविषयी बोलणार आहे. ती वस्तू म्हणजे दुकानातील काटा. त्यातही जो काटा बहुतेक दुकानांत असत नाही तो, म्हणजे ग्राहकाला आपल्या हाताने वजन करून पाहता येईल असा दुसरा काटा.

विषय क्षुल्लक वाटेल. परंतु घरोघरी रोज जी वस्तू येते ती बहुतांशी वजनावर येते. भाजी, फळे, कांदे, बटाटे, डाळी, गूळ, शेंगदाणे, बेदाणे, सुकामेवा यांचा भाव किलोला ठरतो. भाव फलकावर लिहिलेला असतो आणि त्यावर घासाघीस करता येते. वजन मात्र फलकावर लिहिलेले नसते. ते दुकानदार सांगतो आणि ग्राहक मान्य करतो. म्हणजे व्यवहाराचे दोन पाय धरले, तर भावाचा पाय उजेडात आहे आणि वजनाचा पाय अंधारात आहे.

पूर्वी असे नव्हते, असे म्हणून मी जुन्या काळाची आरती करणार नाही. ‘मापात पाप’ आणि ‘दांडी मारणे’ हे शब्दप्रयोग काही संगणकाच्या युगात जन्मलेले नाहीत. तागडीला पासंग लावणारे, पारड्याखाली चिंच चिकटवणारे आणि झिजलेली वजने वर्षानुवर्षे वापरणारे लोक तेव्हाही होते. तरीही जुन्या तराजूचा एक गुण विसरता येत नाही. तो दोघांच्या मध्ये टांगलेला असे. दांडी आडवी आहे की कललेली, हे दुकानदाराला जेवढे दिसे तेवढेच समोरच्या ग्राहकालाही दिसे. त्यासाठी अक्षरओळख लागत नव्हती. शाळेचे तोंड न पाहिलेली बाईसुद्धा म्हणू शके, “शेटजी, पारडे अजून खाली येऊ द्या.” झुकते माप हा शब्द त्या तराजूने मराठीला दिला. तराजू हे साधन होते आणि साक्षीदारही होता.

आता इलेक्ट्रॉनिक काटा आला. तो चांगला आहे आणि मी त्याच्या विरोधात नाही. जुन्या तागडीपेक्षा तो कितीतरी सूक्ष्म वजन दाखवतो. परंतु त्याने एक गोष्ट शांतपणे बदलली. पूर्वी वजन दिसत असे, आता वजनाचा आकडा दिसतो. आणि पुष्कळदा तो आकडा फक्त आतल्या माणसालाच दिसतो. मोठ्या दुकानांत तर फळे-भाज्या आपण पिशवीत भरावयाच्या, एका टोकाच्या टेबलाशी न्यावयाच्या आणि तेथील मुलाने चिकटवलेली रेघारेघांची चिठ्ठी घेऊन पैसे भरण्याच्या रांगेत उभे राहावयाचे, अशी रीत आहे. पिशवीचे वजन वजा झाले का, काट्याचा आकडा आरंभी शून्यावर होता का, हे पाहण्याची सोय पुष्कळ ठिकाणी नसते.

अशाच एका दुकानात द्राक्षांची पिशवी घेऊन मी उभा असताना तेथील मुलाला म्हटले, “बाळा, तो आकडा जरा इकडे दिसेल असा फिरव.” तो अतिशय नम्रपणे म्हणाला, “काका, कॉम्प्युटर आहे, चुकत नाही.” तो मुलगा लबाड नव्हता. त्याची खरोखरच तशी श्रद्धा होती. तेथे ग्राहकासाठी वेगळा काटा आहे का, असे विचारल्यावर त्याला प्रश्नच कळला नाही. मला विचार करावयास लावले ते या न कळण्याने. ग्राहकाला स्वतः वजन पाहावेसे वाटेल, ही कल्पनाच दुकानातून नाहीशी झाली आहे.

यंत्र चुकत नाही, ही समजूत अर्धीच खरी आहे. काट्याच्या पोटात धातूचा एक तुकडा असतो. भार पडला की तो अगदी किंचित वाकतो आणि त्या वाकण्याचे रूपांतर विजेच्या संकेतात व पुढे आकड्यात होते. काटा सपाट जागेवर नसेल, तबकाखाली काही अडकले असेल, वर्षानुवर्षांच्या आपटण्याने तो तुकडा थकला असेल, तर आकडा बदलतो. आणि तो चुकीचा आकडाही तितक्याच ठळकपणे चमकतो. शिवाय प्रत्येक काट्यावर एक पट्टी असते, तिच्याकडे आपण व्यापारीसुद्धा क्वचितच पाहतो. त्या पट्टीवर कमाल वजन, किमान वजन आणि काट्याची पायरी लिहिलेली असते. कमाल ३० किलो आणि पायरी ५ ग्रॅम असलेल्या नेहमीच्या काट्याचे किमान वजन १०० ग्रॅम असते. म्हणजे त्याहून कमी माल त्या काट्यावर तोलू नये. अशा काट्यावर ५० ग्रॅम वेलदोडे तोलले, तर एका पायरीचा फरक म्हणजे मालाचा दहावा भाग. बटाट्याला योग्य असलेला काटा वेलदोड्याला योग्य नसतो, एवढे साधे ज्ञानही किराणा दुकानात फार थोड्यांना असते.

वाणिज्य शाखेचा विद्यार्थी म्हणून एक हिशोब मांडतो. समजा, एखाद्या दुकानात काट्याच्या दोषाने किलोमागे २० ग्रॅम कमी जातात. ग्राहकाला ते कळणारही नाही. दुकानाची विक्री दिवसाला २०० किलो धरली, तर दिवसाला ४ किलो आणि वर्षातील ३०० दिवसांत १,२०० किलो, म्हणजे १२ क्विंटल माल विकला गेला. पण तो दिला गेला नाही. कोणा एकाचे मोठे नुकसान झाले नाही, म्हणून कोणी तक्रार केली नाही. वजनातील खोटेपणाचे खरे बळ हेच आहे. तो इतका थोडा थोडा आणि इतक्या लोकांत वाटलेला असतो की तो कोणालाच बोचत नाही.

राज्यकर्त्यांना ही गोष्ट फार पूर्वीपासून ठाऊक आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात वजनमापांवर देखरेख करणारा ‘पौतवाध्यक्ष’ नावाचा स्वतंत्र अधिकारी सांगितला आहे आणि दर चार महिन्यांनी वजनांची तपासणी करून त्यांवर मुद्रा उठवण्याची व्यवस्था आहे. स्वतंत्र भारताने १९५६ मध्ये वजनमापांच्या प्रमाणांचा कायदा केला, १९५८ पासून मेट्रिक वजने टप्प्याटप्प्याने आणली आणि शेर, मण, छटाक यांची विविधता संपवली. ऐंशी तोळ्यांचा शेर म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅम. आपण आजही ‘पावशेर मिरच्या’ म्हणतो आणि २५० ग्रॅम घेतो, तो त्या काळाचा राहून गेलेला शब्द. सध्या लागू असलेला वैध मापन शास्त्र कायदा २००९ चा असून तो १ एप्रिल २०११ पासून अमलात आला. त्याखालील नियमांनुसार लोखंडी वजनांची दर दोन वर्षांनी आणि इलेक्ट्रॉनिक काट्याची दरवर्षी फेरपडताळणी करून मुद्रांकन करून घ्यावे लागते व त्याचे प्रमाणपत्र दुकानात दिसेल असे लावावे लागते. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेतील मानकापासून प्रादेशिक प्रयोगशाळा, राज्याची मानके आणि निरीक्षकाची वजने अशी साखळी उतरत उतरत आपल्या दुकानातील एक किलोपर्यंत येते. केवढी मोठी व्यवस्था! परंतु निरीक्षक येतो वर्षातून एकदा आणि ग्राहक येतो रोज. वर्षातील उरलेल्या ३६४ दिवसांचा साक्षीदार कोण, हा माझा प्रश्न आहे.

काही व्यवहारांत आपण हा प्रश्न सोडवलेला आहे. पेट्रोल पंपावर पाच लिटरचे मुद्रांकित माप ठेवलेले असते आणि शंका आल्यास ग्राहकाला त्यात मोजून मागता येते. स्वयंपाकाच्या गॅसच्या सिलिंडरवर रिकाम्या टाकीचे वजन लिहिलेले असते, आत १४.२ किलो वायू असावा लागतो आणि ग्राहकाने मागणी केल्यास सिलिंडर पोहोचवणाऱ्याने तो तोलून दाखवावा लागतो. मिठाई खोक्यासह तोलू नये, यासाठी दिवाळीच्या तोंडावर शासन आणि ग्राहक संघटना दोघेही जागृती करतात. अमेरिकेला गेलेली आपली मुले सांगतात की तेथील अनेक दुकानांत फळभाज्यांच्या विभागातच एक टांगता काटा असतो. घेणारा आधी आपला अंदाज करतो आणि मग पैसे देण्याच्या जागी जातो. तेथील सर्वच अनुकरणीय आहे असे नाही, पण ही एक सोय अनुकरणीय आहे. ज्या घरात आठवड्याच्या भाजीला मोजकेच पैसे असतात, त्या गृहिणीला वजन आधी कळणे ही चैन नसून गरज असते. पैसे देण्याच्या रांगेत चारचौघांसमोर चार टोमॅटो परत काढून ठेवताना तिला काय वाटते, ते आपण समजून घेतले पाहिजे.

आता या विषयाचा आपल्या धर्माशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध फार जवळचा आहे. अचौर्य म्हणजे अस्तेय हे आपले अणुव्रत. चोरीची व्याख्या आपल्या आचार्यांनी घर फोडणे अशी संकुचित केलेली नाही. ‘अदत्तादान’, म्हणजे जे दिलेले नाही ते घेणे. ग्राहकाने पैसे दिले ते एक हजार ग्रॅमचे. त्यातील २० ग्रॅम आपण ठेवून घेतले, तर त्या २० ग्रॅमचे पैसे त्याने आपल्याला दिलेले नाहीत, ते आपण घेतलेले आहेत. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात या व्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यांतील एकाचे नावच ‘हीनाधिकमानोन्मान’ आहे. देताना कमी मापाने द्यावयाचे आणि घेताना अधिक मापाने घ्यावयाचे, असा त्याचा अर्थ. उपासकदशांगात आनंद श्रावकाने घेतलेल्या व्रतांच्या वर्णनात खोटा तराजू आणि खोटे माप यांचा निषेध आहे. आपल्या दोन्ही परंपरा या ठिकाणी एकमुखाने बोलतात. मंदिराच्या गाभाऱ्यात नव्हे, तर दुकानाच्या ओट्यावर मोडू शकेल अशा व्रताची एवढी स्पष्ट नोंद आचार्यांनी केली, कारण श्रावक बहुधा ओट्यावर बसतो हे त्यांना ठाऊक होते.

आणखी दोन गोष्टींकडे मी आपले लक्ष वेधू इच्छितो. पहिली, प्रमादाची. ‘काटा खराब आहे हे मला माहीत नव्हते’, हे उत्तर कायद्यात कदाचित थोडे चालेल. परंतु बेसावधपणाला आपल्या शास्त्रात निर्दोष मानलेले नाही. ज्याच्या हाती काटा, त्याच्यावर तो तपासण्याचे कर्तव्य. दुसरी गोष्ट, कृत, कारित आणि अनुमोदित यांची. स्वतः केले, दुसऱ्याकडून करविले किंवा केलेल्यास संमती दिली, या तिन्हींचा विचार आपल्याकडे एकत्र होतो. आज किती मालक स्वतः काट्यावर बसतात? वजन नोकर करतो, हिशोब यंत्र करते आणि मालक गल्ल्यावर असतो. ‘मी तोललेच नाही’, असे म्हणून मालकाची सुटका होत नाही. संध्याकाळी गल्ला मोजताना जो आनंद होतो, त्यात अनुमोदना आहेच.

माझ्या स्वतःच्या धंद्यातील एक तुलना सांगतो. कापड ग्राहकासमोर मोजले जाते. मीटरपट्टी ग्राहकाच्या डोळ्यांसमोर असते, कापड तिच्या बाजूने सरकते आणि ग्राहक मनात एक, दोन, तीन असे मोजत असतो. त्याने मोजले म्हणून आजवर कोणत्याही कापडवाल्याचा अपमान झालेला नाही. उलट ‘मोजून घ्या’ हे आमच्या पेठेतील आदराचे वाक्य आहे. नऊवारी लुगड्याची लांबी सुमारे सव्वाआठ मीटर भरली पाहिजे, हे घेणाऱ्या आजीबाईंना आमच्याइतकेच ठाऊक असे आणि त्या कोपरापासून बोटांपर्यंत हात लावून खात्री करून घेत. माझे वडील मीटरपट्टीची टोके अधूनमधून तपासत असत. लाकडी पट्टीची टोके झिजतात आणि पट्टी नकळत आखूड होते, म्हणून धातूची टोपणे असलेली मुद्रांकित पट्टीच वापरावी असा त्यांचा दंडक होता. ते म्हणत, “ग्राहकाला मोजू दिले की आपले रात्रीचे झोपेचे औषध वाचते.” कापडाला जे लागू आहे ते कांद्याला आणि तूरडाळीला का लागू नसावे?

या सभागृहात व्यापाऱ्यांइतकेच शेतकरीही बसलेले आहेत. आपल्या सांगली भागातील जैन समाज नांगर आणि तागडी या दोन्हींवर जगला आहे. म्हणून काट्याची दुसरी बाजू येथे सर्वांना ठाऊक आहे. ऊस कारखान्याच्या काट्यावर गाडी चढली की मनात ‘काटामारी’ची शंका येते. बाहेरच्या काट्यावर वजन करून आणण्याची मुभा असावी, ही ऊस उत्पादकांची मागणी त्या शंकेतूनच आली. हळदीच्या, गुळाच्या सौद्यात पोत्यामागे ‘कडता’ कापण्याची प्रथा शेतकऱ्याला किती टोचत आली आहे, ते येथील अनेकांनी आपल्या वडिलांच्या तोंडून ऐकले असेल. २००९ च्या कायद्याच्या बाराव्या कलमाने ठरलेल्या वजनाहून कमी वा अधिक माल घेण्याची मुभा देणारी कोणतीही रूढी निरर्थक ठरवली आहे. शेतकरी म्हणून आपण जो हक्क मागतो, तो असा की माझ्या मालाचे वजन मला स्वतःला पाहता आले पाहिजे. मग तोच हक्क दुकानदार म्हणून आपण ग्राहकाला नाकारू शकतो काय? ‘हीनाधिक’ या शब्दात हीन आणि अधिक अशी दोन्ही टोके एकत्र बांधलेली आहेत, त्याचे मर्म येथे आहे. ज्या काट्यावर घेतले, त्याच काट्यावर द्यावे. आणि तो काटा दोघांनाही दिसावा.

या सूचनेवर आमच्या व्यापारी मित्रांचे आक्षेप मी ऐकले आहेत. ते प्रामाणिक आहेत, म्हणून त्यांना उत्तर देणे आवश्यक आहे.

पहिला आक्षेप असा की दुसरा काटा ठेवणे म्हणजे आपल्याच दुकानावर अविश्वासाची पाटी लावणे. मला उलट वाटते. जो ग्राहक तपासू शकतो, तो बहुधा तपासत नाही. पंपावरचे पाच लिटरचे माप दिवसातून किती वेळा बाहेर निघते? ते तेथे आहे, एवढ्यानेच काम होते. परंतु ज्याला तपासताच येत नाही, तो मनात संशय घेऊन जातो आणि तो संशय दुकानाच्या नावाला चिकटतो.

दुसरा आक्षेप असा की दोन काटे कधीच ग्रॅमला ग्रॅम जुळत नाहीत, मग रोज भांडणे होतील. यात तथ्य आहे. प्रत्येक काट्याला नियमाने थोडी सवलत असते आणि शेवटच्या पायरीचा फरक पडू शकतो. त्यावर उपाय आहे. काट्याशेजारी शुद्ध मराठीत एक फलक लावावा की या काट्याची पायरी ५ ग्रॅम आहे, दोन्ही काट्यांत एक-दोन पायऱ्यांचा फरक आढळू शकेल, त्याहून अधिक आढळल्यास कृपया मालकांना सांगावे. स्पष्टपणे सांगितलेल्या गोष्टीवरून भांडणे होत नाहीत. भांडणे लपवलेल्या गोष्टीवरून होतात.

तिसरा आक्षेप असा की ग्राहकाने घरी जाऊन तोलावे, आम्ही कोठे अडवतो? परंतु पालेभाजी घरी जाईपर्यंत पाणी टाकते आणि हलकी होते. सकाळची कोथिंबीर संध्याकाळी त्याच वजनाची राहत नाही. म्हणजे घरच्या वजनाने प्रामाणिक दुकानदारावर खोटा आळ येऊ शकतो. शंका दुकानातच आणि त्याच क्षणी मिटणे, हे ग्राहकापेक्षा दुकानदाराच्या अधिक हिताचे आहे.

चौथा आक्षेप खर्चाचा. एक मुद्रांकित काटा काही हजार रुपयांत येतो आणि वर्षानुवर्षे चालतो. दुकानाच्या काचेवर आणि दिव्यांवर आपण यापेक्षा पुष्कळ अधिक खर्च करतो. मात्र एक सावधगिरी बाळगावी. ग्राहकासाठी म्हणून बाजारातील स्वस्त, मुद्रांकन नसलेला स्प्रिंगचा काटा टांगून ठेवू नये. तोही काटा कायद्याने पडताळलेलाच असला पाहिजे. खोटा साक्षीदार उभा करण्यापेक्षा साक्षीदार नसलेला बरा.

ज्यांच्याकडे लगेच दुसरा काटा ठेवणे शक्य नाही, त्यांनी निदान चार गोष्टी आजपासून कराव्यात. काट्याचा आकडा दोन्ही बाजूंना दिसेल असा काटा घ्यावा आणि तो ग्राहकाकडे वळवून ठेवावा. माल ठेवण्यापूर्वी ‘शून्य पाहा’ असे तोंडाने म्हणावे. पिशवीचे, डब्याचे वा खोक्याचे वजन वजा करून दाखवावे. आणि शेजारी एक किलोचे व अर्ध्या किलोचे मुद्रांकित लोखंडी वजन ठेवावे. ज्याला शंका असेल त्याने ते वजन काट्यावर ठेवून पाहावे. अक्षरे न येणाऱ्या माणसालाही हे वजन ओळखता येते. आकड्याने घेतलेले साक्षीदाराचे स्थान अशा रीतीने पुन्हा एका वस्तूला मिळेल.

आपल्यातील श्राविका भगिनींनाही माझी विनंती आहे. आपण भाव विचारता, तसेच वजन पाहण्याची सवय लावून घ्या. मुद्रांकनाचे प्रमाणपत्र कोठे लावले आहे, असे सौम्य शब्दांत विचारा. पाकिटातील माल घेताना निव्वळ वजन वाचा. दाद मागण्यासाठी वैध मापन शास्त्र विभाग आहे आणि राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांक १९१५ आहे. पण तेथवर जाण्याची वेळ आपल्या समाजबांधवांच्या दुकानाविषयी तरी येऊ नये, अशी आपण सर्वांनी काळजी घेऊ या.

शेवटी विश्वस्त मंडळापुढे तीन नम्र सूचना ठेवतो.

पहिली, आरंभ आपल्या घरापासून व्हावा. आपल्या भोजनशाळेत रोज भाजीपाला, धान्य आणि गूळ येतो. तेथे दारातच एक मुद्रांकित काटा ठेवावा. आलेला माल पुरवठादाराच्या देखत तोलावा. कमी भरला तर सांगावे आणि जास्त भरला तर त्या जादा मालाचे पैसे द्यावेत. या दुसऱ्या भागाशिवाय पहिल्या भागाला अर्थ नाही. फक्त आपल्या लाभासाठी वापरलेला काटा हा न्यायाचा काटा नव्हे.

दुसरी, सुवर्णमहोत्सवी वर्षाची स्मृती म्हणून आपल्या समाजातील प्रत्येक किराणा, भुसार, फळ-भाजी आणि मिठाईच्या दुकानात ग्राहकासाठी एक काटा असावा, असे आवाहन ट्रस्टने करावे. ज्या लहान दुकानदाराला खर्च झेपणार नाही, त्याला ट्रस्टने बिनव्याजी उसनवार द्यावी. आपण प्रभावनेत आणि स्मृतिचिन्हांत जेवढा खर्च करतो, त्याच्या अल्प भागात हे काम होईल. महोत्सवानंतर स्मृतिचिन्हे कपाटात जातात, काटा मात्र ओट्यावर राहील आणि रोज उपयोगी पडेल.

तिसरी, पाठशाळेतील मुलांना अणुव्रते शिकवताना एकदा काटा हातात द्यावा. शून्य कसे पाहावे, पट्टी कशी वाचावी, वजन कसे तपासावे हे दाखवावे. अतिचारांची नावे पाठ होतात. परंतु ‘हीनाधिकमानोन्मान’ हा शब्द ज्याने काट्यावर अनुभवला, तो मोठेपणी दुकानात बसल्यावर तो विसरणार नाही.

बंधू-भगिनींनो, आपल्या पूर्वजांनी या भागात जी साख मिळवली, ती काही मोठ्या भाषणांनी मिळवली नाही. बाजाराच्या दिवशी खेड्यातून आलेला माणूस डोळे झाकून त्यांच्या मापावर विश्वास ठेवी, ही त्यांची मिळकत होती. आजच्या ग्राहकाने डोळे झाकावेत अशी अपेक्षा आपण करू नये. काळ बदलला आहे आणि डोळे उघडे ठेवणे हा त्याचा हक्क आहे. आपण एवढेच करावे की त्याचे डोळे उघडे असतानाही त्याचा विश्वास टिकेल. पन्नास वर्षे आपण मंदिर, पाठशाळा आणि भोजनशाळा सांभाळली. पुढील पन्नास वर्षांत आपल्या ओट्यांवरील पारडेही सर्वांसमोर समतोल राहो, एवढीच जिनेंद्रचरणी प्रार्थना करतो. माझ्या बोलण्यात कोणाचे मन दुखावले असल्यास क्षमा असावी. 

जय जिनेंद्र.